उष्टी हाक

शनिवार, ६ एप्रिल

आले बाई एकदाची देवासला! धारहून सामानाच्या टेम्पोत पुढे बसून आले. ड्रायव्हर भिया रस्ताभर गुटखा खाऊन पिचकाऱ्या मारत होता नी मी ओढणी नाकाला लावून बसले होते. पण घर बघितलं नी सगळा शीण गेला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, त्यातच मोरी, मागे फरशीचं अंगण, आणि खिडकीतून सरळ माताजीची टेकडी दिसते. ही डायरी माझ्या नव्या नोकरीच्या कारखान्यानं मुलाखतीच्या दिवशी दिली होती. वर सोनेरी अक्षरांत त्यांच्या शेवेचं नाव आहे. कोरी ठेवणं जिवावर आलं म्हणून लिहायला घेतली.

घरमालक जगदेवराव पुढच्या घरात एकटेच राहतात. सत्तरीच्या पुढचे, जुन्या वळणाचे. मला 'विनोदिनीबाई' म्हणतात आणि 'आपण' सोडून बोलत नाहीत. किल्ली देताना त्यांनी एकच नेम सांगितला. रोज जेवण झालं की आपल्या ताटातला एक उष्टा घास मोरीच्या भोकात सोडायचा, या घरात पहिल्यापासून तशी पद्धत आहे. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, शी! झुरळांना आमंत्रण, दुसरं काय!

उष्ट्याचं माझं वेड जगजाहीर आहे. लग्नानंतर अजेयनं माझ्या कपातला घोटभर चहा घेतला तर मी उरलेला ओतून दिला होता. आता मस्कतला नोकरी करतो, तिथेही चार लोकांत हे सांगून हसतो मेला. मला चालतं ते फक्त माझ्या लेकीचं. किमया अर्धी चावलेली जिलबी माझ्या तोंडात कोंबते नी मी गपकन खाते. सहा वर्षांची आहे. सुट्ट्या लागेपर्यंत धारला माईंजवळ राहील, माई म्हणजे माझ्या सासूबाई. मेच्या एक तारखेला दोघी इथे येतील. तोवर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा असं तिनं गळ्याला हात लावून शपथ घालून ठरवून घेतलंय. त्या कॉलवरच हा महिना काढायचा आहे मला.

सोमवार, ८ एप्रिल

नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. माझी नाकाची नोकरी आहे. शेवेचं तेल खवट झालं का हे मशीनच्या आधी माझं नाक सांगतं, म्हणून तर इतक्या लांबून बोलावलं त्यांनी.

घरात मोबाइलच्या रेंजचा एकच दांडा येतो, गच्चीवर मात्र पुरे. म्हणून इथल्या केबलवाल्यांचं नेट घेतलं. त्यांचा डबा मागच्या भिंतीच्या बाहेर बसवला, राउटर आत स्वयंपाकघरातल्या फळीवर. भिंतीला भोक पाडायला जगदेवराव नाही म्हणाले, तेव्हा त्या माणसानं वायर मोरीच्या भोकातूनच आत घेतली. मला कसंसंच झालं. परवापासून दोनदा फिनेल टाकून घासलीय ती मोरी, तरी वायर ओढताना भोकातून वास आला. सांडपाण्याचा नाही, कुजल्याचा नाही. सकाळी दात न घासता कुणी तोंडाजवळ येऊन बोललं की येतो ना, तसा. मी पुन्हा फिनेल ओतलं.

किमूशी पोटभर बोलले. बाईसाहेब आता वाचतात! धड्याचं पुस्तक धरून एकेक अक्षर फोडून, क, म, ळ, कमळ! हिंदी शाळेमुळे तिला हाक मारली की 'हां' म्हणते, ते मला बिलकुल खपत नाही. तिला सांगितलं, आपण मराठी माणसं, आईनं हाक मारली की 'ओ' द्यायची, आणि तीही ताबडतोब. मग काय, खेळच झाला. मी 'किमूऽ' म्हणायचं नी तिनं खिदळत 'ओऽ' द्यायची. माई मागून ओरडल्या, आता पुरे करा म्हणून.

मंगळवार, ९ एप्रिल, पाडवा

खिडकीत छोटीशी गुढी उभारली. कडुलिंब खाताना किमूचं तोंड कसं वाकडं होतं ते बघायचं होतं, पण कॉलची आज पार वाट लागली. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, नुसता उशीर! मी हाक मारायची, ती ढिम्म बसलेली, आणि मी गुळाचा खडा चघळून गिळून टाकला की मग तिकडून 'ओ'. दोघी एकदम बोललो तर एकीचंच पोचतं, दुसरीचं गडप. राउटर बंद करून चालू केला, फोन बदलून लॅपटॉपवर लावलं. काही फरक नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

केबलवाला आला, मोबाइलवर काटा फिरवून दाखवला आणि स्पीड तो फुल आ रही है मैडम म्हणून चहा पिऊन गेला. स्पीडला काय चाटायचंय? हाकेला ओ यायला हवी!

आज किमू माझ्यावरच डाफरली. म्हणाली, तोंडात घास घेऊन बोलू नये असं तूच सांगतेस, मग तू का मचमच करत बोलतेस? मी! मचमच! मी तर पाणीसुद्धा प्यायले नव्हते. माईंना विचारलं. त्यांनाही तसंच ऐकू येतं म्हणाल्या, शब्द माझेच पण ओले, कुणी तोंडात घोळवून मग बाहेर सोडल्यासारखे. मला जेवण गेलं नाही.

सोमवार, १५ एप्रिल

कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघणारा अंकुर मराठीच आहे, पण जन्म इथला, त्यामुळे अर्धा हिंदीत बोलतो. त्याला गाऱ्हाणं सांगितलं. त्यानं समजावलं की ताई, पिंग मतलब हाकच. लॅपटॉपवरून डब्ब्याला हाक मारायची नी ओ किती वेळात येते ते बघायचं. एकेका टप्प्याला हाक मारत जायचं, जिथे ओ लटकली तिथे गडबड समजायची. कागदावर सगळं लिहून दिलं बिचाऱ्यानं.

घरी येऊन तसं केलं. राउटरला हाक मारली, ओ लगेच. भिंतीबाहेरच्या डब्याला मारली तर उशिराचा आकडा पाच-सहा यायला हवा तिथे चारशे, सातशे, बाराशे! मग लॅपटॉप उचलून अंगणात गेले, दुसऱ्या वायरनं सरळ डब्याला जोडला. ओ लगेच. गच्चीवर मोबाइलवरून माईंना लावला, तर बोलणं एकदम सुरळीत. म्हणजे केबलवाला निर्दोष, राउटर निर्दोष, डबा निर्दोष. उशीर होतो तो मोरीच्या भोकातल्या त्या हातभर वायरीत.

हातभर वायरीत कसला डोंबलाचा उशीर होतो? उद्या नवी वायर आणते नी ही काढून फेकते.

मंगळवार, १६ एप्रिल

ई ई ई. तीनदा हात धुतले, तरी बोटांना वास आहे.

वायर ओढली तर येईना. आतून कुणी धरल्यासारखी. जोर लावला तेव्हा पच्चकन सुटली. भोकातला तेवढा भाग कोमट होता. काळी वायर तिथे पांढरट पडलेली, फुगून मऊ झालेली, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारखी सुरकुतलेली. वर लाळ. नाकाची माणूस आहे मी, मला शेवाळ नी लाळ यांतला फरक कळतो. दातांचे वणही होते, उंदराचे नव्हे. चपटे, ओळीनं, माणसाचे असतात तसे. कुरतडलेलं नव्हतं कुठेच. चोखलेलं होतं.

मोरीतच उलटी झाली. भडाभडा पाणी ओतलं तर भोक गटकन सगळं गिळून बसलं, एवढं लवकर पाणी कधी जात नाही तिथून. नवी वायर घातली. दुसरा रस्ताच नाही, खिडक्यांना पक्क्या जाळ्या आहेत नी किमू वाट बघत होती.

शुक्रवार, १९ एप्रिल

नवी वायरसुद्धा मऊ पडली.

जगदेवरावांकडे गेले नी सरळ विचारलं. ते अजिबात दचकले नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाले, आपण घास सोडत नसाल, त्यामुळे ते उपाशी राहिलं असेल. ते म्हणजे कोण, तर त्यांना ठाऊक नाही. देव नव्हे, भूत नव्हे, उष्टं खाणारं काहीतरी आहे. घास मिळाला तर कुणाच्या वाटेला जात नाही. त्यांच्या मातोश्री घालत, भाडेकरू घालत, कधी कुणाला काही झालं नाही. मग मला धड सांगितलं का नाही? तर म्हणाले, सांगितलं होतं, आपण मान हलवलीत. नंतर टोंकखुर्दला त्यांच्या शेतावर निघूनही गेले, आठ दिवस येणार नाहीत.

खरंय, मी मान हलवली होती.

ठीक आहे. उपाशी असेल तर जेवू घालीन. पण उष्टं कसं द्यायचं? आमच्या घरात मोलकरणीलाही उष्टं देत नाहीत, गाईलासुद्धा पहिली पोळी काढून देतात. देणाऱ्यानं आपल्या तोंडचं द्यायचं म्हणजे त्याचा अपमानच की. जेवायच्या आधी गरम वरणभात, वर साजूक तूप, केळीच्या पानाच्या तुकड्यावर मांडून मोरीशी ठेवला. हातही जोडले.

रविवार, २१ एप्रिल

दोन दिवस नैवेद्य जसाच्या तसा. मुंगीसुद्धा लागली नाही. भाताचं शीत न शीत वाळून गेलंय.

किमूचा आवाज बसला. माई म्हणतात बर्फाचा गोळा खाल्ला असेल, हळददूध देतेय. पण आणखी एक सांगितलं त्यांनी. किमू म्हणते, आई दोनदा हाक मारते. पहिली हाक ओली असते. पहिल्या हाकेला ती ओ देते. मग माझी खरी हाक येते तेव्हा पुन्हा द्यायला तिच्याजवळ ओ उरत नाही.

मी एकदाच मारते हाक. एकदाच.

सोमवार, २२ एप्रिल

आज मी तोंडच उघडलं नाही. कॉल लावला नी नुसती बघत बसले. पडद्यावर किमूनं मान वर केली नी तोंडाचा चंबू करून ओ दिली. मी हाक मारलेली नसताना.

तिची ओ माझ्यापर्यंत आलीच नाही. मोरीतून आवाज आला. आंबा चोखून झाल्यावर कोय ओढतात, तसा.

आता कळलं मला. ताटातलं नको होतं त्याला, तोंडातलं हवं होतं. घास मिळाला नाही म्हणून बोलणं खायला लागलं. माझी हाक उष्टी करून तिच्याकडे सोडतं आणि तिची ओ स्वतः गिळतं. आणि ओ द्यायला मीच शिकवलं. ताबडतोब द्यायची म्हणून.

वायर कात्रीनं कापली. कापलेल्या टोकातून लाळेची तार लोंबत होती. शी, शी, शी.

मंगळवार, २३ एप्रिल

गच्चीवरून माईंना फोन केला. रडत होत्या. किमू सकाळपासून बोललीच नाही. ओठ हलतात, आवाज नाही. डॉक्टरनं घसा तपासला, म्हणाला घसा साफ आहे. माईंनी विचारलं, पाणी देऊ का, तर नुसती माझ्या फोटोकडे बोट दाखवत राहिली.

रजा टाकली, पिशवी भरली. धारची बस धरायची म्हणून किल्ली घेऊन दाराशी आले.

मोरीतून किमू म्हणाली, आई.

माझी किमू. तोच लाडातला हेल. फक्त ओली.

बुधवार, २४ एप्रिल

कशी जाऊ? धारला किमू आहे, पण तिचा आवाज इथे आहे.

त्यानं किमूचा आवाज तोंडात धरलाय. गिळत नाही, घोळवतंय. कमळ म्हणतं. क, म, ळ. मग मचमच. मग आई.

वरणभात चावून, तोंडातून काढून भोकात टाकला. मी! माझ्या हातानं माझं उष्टं! बाहेर थुंकलं त्यानं. आता त्याला भात नको.

भोकाजवळ बोलायचं नाही. एक अक्षर नाही. जे बोलेन ते त्याचं. इथे फक्त लिहायचं, लिहिलेलं त्याला खाता येत नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

रात्रभर विचार केला. दोघी एकदम बोललो की एकीचंच पोचायचं, दुसरीचं गडप व्हायचं. म्हणजे त्याच्या तोंडात एका वेळी एकच मावतं. माझं घेतलं तर तिचं सोडावं लागेल.

किमूच्या आवाजात सारखं हाका मारतंय. मी अजून एकदाही ओ दिलेली नाही.

माझं काय, मी नाकाची माणूस. आवाज नसला तरी पोट भरीन.

मोरीत ओणवी झाले. त्या वासात. तोंड भोकाला लावलं. तोंडाला तोंड लागल्यासारखं—मऊ होतं आत, ओठ होते—

ओ दिली.

शुक्रवार, २६ एप्रिल

माझ्या घशातून हवा येते. बाकी काही नाही.

पण माईंचा फोन आला, किमू बोलली! घर डोक्यावर घेतलंय म्हणे. मी गच्चीवर बसून रडले, बिनआवाजाची. फोनमधून किमू विचारत होती, आई, ओ दे ना, मी हाक मारली ना! माई तिला म्हणाल्या, तिकडचं नेट खराब आहे गं, काही ऐकू येत नाही. मग मला म्हणाल्या, एक तारखेची वाट कशाला बघायची, हिला आईच पाहिजे, उद्या टॅक्सी करून आम्ही येतोच.

येऊ नका. येऊ नका असं लिहून दहादा पाठवलं. माई मेसेज वाचत नाहीत, चष्मा लावला तरी त्यांना फक्त बोललेलं कळतं. अजेयला लिहिलं. तो म्हणतो, आईला सांगतो, पण तू इतकी का घाबरतेस?

कारण खाली मोरीत मी बोलतेय.

माझ्या आवाजात. साखरेत घोळून. किमूऽ. किमूऽ. थांबतं, ऐकतं, नी पुन्हा—

त्याला माझा आवाज खायचा नव्हता. हाक मारायला हवा होता.

शनिवार, २७ एप्रिल

पहाटेपासून बोळे कोंबले. फडकी, पीठ, पाट्याचा दगड. सगळं चोखून मऊ करून बाहेर ढकलतं. हाक चालूच.

पुढच्या दाराचं लॅच आतून लावलं, कडी मोडकी आहे, पण लॅचची किल्ली जगदेवरावांकडेही आहे. ते सकाळी परत आले. कुणाला आत सोडू नका म्हणून मी खिडकीतून खुणा केल्या. ते म्हणाले, पाहुणे येताहेत, आनंदाची गोष्ट आहे.

अजेयचा मेसेज, माई निघाल्या. फोन उचलत नाहीत.

—डावा तळवा भोकावर दाबून बसलेय. आवाज दबतो तेवढा. जीभ लागते. तळव्याची कातडी सुरकुतली, पांढरी पडली. हात काढला तर हाक पुढच्या दारापर्यंत जाईल, काढायचा नाही—

टॅक्सी थांबली.

किल्ली फिरली. जगदेवराव दार उघडून देताहेत. माईंचा आवाज. चपलांची पटपट, किमूची—

बोटांमधून निघतंय—किमूऽ—माझ्यासारखं, अगदी माझ्यासारखं—

तिला वाचता येतं. हे पान वर धरते. मोठ्या अक्षरांत, देऊ नको एवढंच. एकेक अक्षर फोडून वाचेल. शहाणी आहे माझी—

दारात आली. हसतेय. तोंड उघडतेय—

किमू

ओ दे